त्रिक कुठं जुळतं, कुठं फसतं

गुऱ्हाळावर काहिलीतला रस निवळायला चुना घालतात. त्या चुन्यातलं कॅल्शिअम, दिवाळीच्या फटाक्यांतला लालभडक रंग देणारं स्ट्रॉन्शिअम आणि पोटाच्या एक्स-रेआधी पाजतात त्या पांढऱ्या घोळातलं बेरिअम, ही तिन्ही एकाच भावकीतली. १८१७ साली जर्मनीतल्या येना विद्यापीठातल्या योहान डोबेरायनर या रसायनशास्त्रज्ञाला यात एक हिशोब दिसला. आजच्या अणुवस्तुमानांनी तो असा: कॅल्शिअम ४०.०८ आणि बेरिअम १३७.३३ यांची सरासरी ८८.७१, मधलं स्ट्रॉन्शिअम ८७.६२, जवळपास तेवढंच. सारख्या गुणधर्मांच्या अशा तिकडीला त्रिक म्हणतात.

१८२६ मध्ये ब्रोमीन सापडलं आणि १८२९ मध्ये डोबेरायनरने क्लोरीन-ब्रोमीन-आयोडीन हे त्रिक मांडलं. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलिअसने तेव्हा ब्रोमीनच्या अणुवस्तुमानाचा आकडा ७८.३८३ काढला होता. आज तो ७९.९० आहे आणि क्लोरीन-आयोडीनची सरासरी ८१.१८. म्हणजे मोजमाप सुधारलं तसं ब्रोमीन सरासरीकडेच सरकलं.

कोल्हापुरातली दहावीची मुलं ही त्रिकं पाठ करतात आणि अनोळखी तिकडी समोर आली की अडकतात. क्रम साधा आहे. आधी गुणधर्म जुळतात का ते बघा, मग वस्तुमानं चढत्या क्रमाने लावा, पहिल्या-तिसऱ्याची बेरीज करून निम्मी करा, मधल्याशी ताडून पहा. गुणधर्माची पायरी गाळली तर कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनसुद्धा त्रिक ठरेल: १२.०१ आणि १६.०० ची सरासरी नायट्रोजनला अगदी चिकटते, पण स्वभाव तिघांचे तीन! दुसरी नेहमीची चूक म्हणजे वस्तुमानाऐवजी अणुअंकच (अणूतल्या प्रोटॉनची संख्या) घेऊन सरासरी काढणं.

आता खरी गंमत. बेरिलिअम ९.०, मॅग्नेशिअम २४.३, कॅल्शिअम ४०.१: सरासरी २४.५५, जुळलं. मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, स्ट्रॉन्शिअम (८७.६): सरासरी ५५.९५, मधलं ४०.१, पार फसलं. भावकी तीच, गुणधर्म सारखेच, मग असं का? डोबेरायनरकडे याचं उत्तर असणं शक्यच नव्हतं, कारण अणुअंकाचा खरा अर्थ इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ मोझलीने १९१३ मध्ये दाखवला. अणुअंक लिहून बघा. ४, १२, २०: दोन्ही उड्या आठच्या. २०, ३८, ५६: दोन्ही अठराच्या. १२, २०, ३८ मध्ये मात्र एक उडी आठची, दुसरी अठराची. आवर्तनांची (आवर्त सारणीतल्या आडव्या ओळींची) लांबी मध्येच बदलली की त्रिक मोडतं. फ्लोरीन-क्लोरीन-ब्रोमीन (९, १७, ३५) तिथंच मरतं.

उड्या समान असूनही मधला आकडा सरासरीपेक्षा किंचित कमीच का येतो? कारण अणू जड होत जाईल तसे प्रोटॉनच्या मानाने न्यूट्रॉन जास्त वाढतात. कॅल्शिअममध्ये २० प्रोटॉनला साधारण २० न्यूट्रॉन, बेरिअममध्ये ५६ ला सुमारे ८१. त्यामुळे तिसरा आकडा फुगतो आणि सरासरी वर ओढली जाते. 'उत्तर तंतोतंत आलं नाही' म्हणून बरोबर त्रिक खोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. दीड-दोन टक्क्यांचा फरक चालतो, चाळीस टक्क्यांचा नाही.

सरावाला पोटॅशिअम, रुबिडिअम, सीझिअम घ्या: १९, ३७, ५५. वस्तुमानं ३९.१०, ८५.४७, १३२.९१. सोडिअम, पोटॅशिअम, रुबिडिअमसाठी तर कागदसुद्धा नको, ११, १९, ३७ बघूनच काट मारता येते.