त्यांची रात्र सकाळी दहाला होती

मी बिल्डिंग इन्स्पेक्टर आहे. कॅलिफोर्नियात, सिएरा डोंगरांच्या पायथ्याला एक काऊंटी आहे तिथे, नाव नाही लिहीत कारण पगार अजून तिथूनच येतो. काऊंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. काम म्हणजे कुणी डेक बांधला, कुणी गॅरेजचं घर केलं, कुणी गीझर बदलला की जाऊन बघायचं, सही करायची. धुळ्याहून सिव्हिल करून आलेल्या माणसाला हे करताना सुरुवातीला फार कमीपणा वाटायचा, आता नाही वाटत. आईला पाच वर्षं वाटत होतं मी पूल बांधतो.

2015 च्या सप्टेंबरमधली गोष्ट आहे. त्या महिन्यात आमच्या कोड एन्फोर्समेंटचा, म्हणजे काऊंटीचे नियम मोडल्याच्या तक्रारी बघणाऱ्या खात्याचा, फोन दिवसभर वाजतो, कारण गांजाला फुलं धरलेली असतात अन् वास दोन घरं सोडून जातो. मे महिन्यात लावलेलं रोप ऑगस्टमध्ये दिवस लहान व्हायला लागला की फुलावर येतं आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मध्यापर्यंत कापणी, त्यामुळे जून-जुलैत कुणाचीच तक्रार नाही आणि सप्टेंबरमध्ये सगळ्या शेजाऱ्यांना एकदम नाक फुटतं.

आमची कोडवाली बाई (हुशार बाई, आधी ॲम्ब्युलन्सवर होती) सकाळी माझ्या टेबलाशी आली, म्हणाली, चल, एक शेड बघायचीय, वासाची तक्रार आहे पण शेजारी म्हणतो रात्रभर घूं घूं आवाज पण येतो, तुला लागेल मला. घूं घूं म्हणजे वीज, वीज म्हणजे मी. सोबत शेरीफचा, म्हणजे काऊंटीच्या पोलिसप्रमुखाचा, एक डेप्युटी, तो बहुतेक वेळ गाडीतच बसणार होता.

थोडं मागचं सांगतो नाहीतर कळणार नाही. कॅलिफोर्नियाने 1996 च्या नोव्हेंबरमध्ये मतदान करून औषधी गांजा मान्य केला, प्रपोझिशन 215, इथले जुने लोक नुसतं टू-फिफ्टीन म्हणतात. डॉक्टरची शिफारस असेल तर पेशंट स्वतःपुरतं लावू शकतो. पण स्वतःपुरतं म्हणजे किती? 2004 पासून राज्याचा आकडा आला, 6 मोठी झाडं किंवा 12 लहान, आणि 8 औंस वाळलेला माल, मग 2010 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पेशंटवर ही मर्यादा लादता येणार नाही. 2013 मध्ये मात्र कोर्टांनीच म्हटलं की कुठे लावायचं, लावू द्यायचं की नाही, हे शहर आणि काऊंटी आपापल्या झोनिंगने, म्हणजे कुठल्या जागेवर काय चालेल याच्या नियमांनी, ठरवू शकतात. झालं, जितक्या काऊंट्या तितके कायदे. फ्रेस्नो काऊंटीत तेव्हा झाडामागे हजार डॉलर दंड, मेंडोसिनोत एकेकाळी शेरीफ स्वतः झाडाला बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, झिप-टाय, विकायचा, जमिनीच्या एका तुकड्यावर 99 झाडांपर्यंत. एकाच राज्यात एकीकडे पट्टा घालून कायदेशीर अन् दुसरीकडे कर्जबाजारी.

आणि उगवणारे काही कमी नाहीत. झाडं मोजली की ते एकेक झाड आंब्याच्या झाडाएवढं करतात, दहा-दहा फूट घेर. म्हणून काऊंट्यांनी झाडं मोजणं सोडून जागा मोजायला सुरुवात केली. पण झाड वाढतं हो! मे मध्ये शंभर स्क्वेअर फुटात बसलेला बगीचा सप्टेंबरमध्ये टेपच्या बाहेर आलेला असतो, मग आमची बाई खाली वाकून पानांच्या टोकापासून मोजणार की खोडापासून यावर तासभर वाद. मला तर हे सगळं तलाठ्याच्या पीकपाहणीसारखं वाटतं, फक्त इथे सातबाऱ्यावर पीक लागलं की नोटीस येते.

आमच्या काऊंटीत तेव्हा नियम असा, की अर्ध्या एकरापर्यंतच्या प्लॉटवर, म्हणजे आपले 20 गुंठे, उघड्यावर एकही झाड नको. लावायचं तर घरापासून वेगळ्या, चारी बाजूंनी बंद, छप्पर असलेल्या शेडमध्ये, जास्तीत जास्त 120 स्क्वेअर फूट, दिवे 1200 वॉटच्या आत, वास शोषणारा कार्बन फिल्टर पाहिजे.

तर आम्ही पोचलो. धुराने आकाश पिवळं होतं, दक्षिणेकडे त्या आठवड्यात ब्यूट फायर नावाचा वणवा पेटलेला होता, विजेच्या तारेवर झाड आलं अन् 70 हजार एकर जळालं. चौथ्या वर्षाचा दुष्काळ, गवत असं की बूट घासला तरी भीती वाटावी.

गेटवर एक काका. सत्तरीला आलेले, लाकडाच्या मिलमधून रिटायर, हाताला दीड बोट कमी. गेटला प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केलेली डॉक्टरची शिफारस तारेने बांधलेली, बायकोच्या नावाची.

"वॉरंट आहे?" काका.

बाई म्हणाली नाहीये, तुम्ही नाही म्हणालात तर कोर्टातून इन्स्पेक्शन वॉरंट आणावं लागेल, त्याला दोन दिवस लागतील.

"मग आणा."

मागून व्हीलचेअरवर त्यांची बायको आली. तिला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंचा आजार, रात्री पायाला असे पेटके येतात की पाय पलंगाच्या कडेवर आपटतो, हे तिने नंतर सांगितलं. ती म्हणाली, "येऊ दे रे त्यांना, लपवण्यासारखं काय आहे आपल्याकडे?" काका आमच्याकडे न बघता बाजूला झाले.

चालताना ते बाईला नाही, मला सांगत होते, मी परका दिसतो म्हणून असेल. म्हणाले, "2002 साली इथून वर ओरोव्हिलजवळ एका बाईच्या सहा झाडांसाठी केंद्राची माणसं आली होती, माहितीय का? तेव्हा शेरीफची माणसं तिच्या बाजूने उभी राहिली, तीन तास. आता शेरीफचा माणूस तुमच्यासोबत येतो अन् गाडीत एसी लावून बसतो." खरं आहे ते, डायॅन मॉन्सनची केस, झाडं शेवटी उपटलीच, मग ती देशाच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि 2005 मध्ये तिथेही हरली. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, मी नुसती मान हलवली.

शेड मागच्या अंगणात, दहा बाय बारा, प्लायवूडची, काकांनी स्वतः बांधलेली, आणि खरं सांगतो, सुंदर बांधलेली. कोपरे काटकोनात, दाराला रबरची पट्टी. बारा वर्षं त्यांची सहा झाडं याच अंगणात उन्हात, टोमॅटोच्या शेजारी होती. नियम आल्यावर त्यांनी शेड बांधली, झाडं आत नेली. टोमॅटो अजून बाहेर होते.

मी दाराला हात लावला तर काका ओरडलेच. "थांबा! आत्ता रात्र आहे त्यांची."

सकाळचे दहा वाजलेले. मला वाटलं म्हातारा चळला. मग त्यांनी समजावलं, की फुलावर असताना झाडाला रोज बारा तास सलग अंधार लागतो, मध्ये उजेड शिरला तर झाड बिथरतं, बी धरतं, माल वाया. दिवसा उन्हात शेडची भट्टी होते म्हणून ते दिवे संध्याकाळी सातला लावतात आणि सकाळी सातला बंद करतात. म्हणजे बाहेर आपली सकाळ आणि आत त्यांची मध्यरात्र. काकांनी खिशातून हिरवा बल्ब लावलेला हेडलॅम्प काढला, हिरवा उजेड झाडाला फारसा कळत नाही म्हणे. घरातून एक गोधडी आणली, दारावर धरली, आणि आम्ही तिघं एकेक करून तिच्याखालून आत शिरलो. मी आयुष्यात खूप इन्स्पेक्शनं केली, गोधडीखालून हे एकच.

आत वास म्हणजे काय सांगू. लहानपणी मामाकडे शिरपूरला जायचो, तिकडे सातपुड्याच्या बाजूला तुरीत-कपाशीत लपवलेला गांजा पोलिस उपटून जाळायचे, पेपरात फोटो यायचा, एकदा मामा मला सायकलवर लांबून दाखवायला घेऊन गेला होता. तोच वास, पंचवीस वर्षांनी, हिरव्या अंधारात. सहा झाडं, छातीएवढी, कुंडीला कागदी पट्टी, त्यावर बायकोच्या अक्षरात तारखा. बाईने टेप लावला, सगळं नियमात. दोन दिवे 600 चे, बरोबर 1200. फिल्टर होता. तिने पेन बंद केलं, मला म्हणाली, तुझं बघ.

माझं बघितलं अन् पोटात गोळा आला.

घराच्या मागच्या भिंतीवरच्या सॉकेटमधून नारिंगी एक्स्टेंशन कॉर्ड, 50 फूट, वाळलेल्या गवतातून शेडमध्ये. तिला जेमतेम 13 अँप झेपतात. तिच्यावर दिवे 11 अँप, एक पोर्टेबल एसी 10, वर दमटपणा काढायचं मशीन. प्लगचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, सॉकेटला चिकटलेलं. मी काकांना विचारलं, ब्रेकर उडत नाही का?

"आधी उडायचा. मग मी बदलला."

पॅनल उघडलं, 20 अँपच्या जागी 30 चा ब्रेकर. भिंतीतली वायर तीच जुनी, 20 वाली. आपल्याकडे फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी शहाणा जाड तांब्याची तार बांधून देतो ना, तेच. फ्यूज उडत नाही मग, घर उडतं. आणि ही कॉर्ड जिथून जात होती ते गवत, अन् दहा पावलांवर व्हीलचेअरचा रॅम्प, लाकडी.

मी लाल टॅग काढला, म्हणजे वापर बंदची चिठ्ठी. इथे मला दुसरा विचार आला नाही आणि आजही येत नाही, तो सर्किट त्या रात्री चालू राहिला असता तर मी झोपलो नसतो. पण टॅग लिहिताना काका शांतपणे म्हणाले, "उन्हात होती तेव्हा कुठली वायर होती?"

काय उत्तर देणार? ऊन फुकट होतं, ते आम्हीच बंद केलं, आणि बंद खोलीत वायर तापली म्हणून टॅग लावायला परत आम्हीच आलो. आणखी एक गंमत म्हणजे 120 स्क्वेअर फुटांच्या आतल्या शेडला बिल्डिंग परमिट लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं काहीच लागत नाही, पण आत वीज नेली की इलेक्ट्रिकल परमिट लागतंच. काकांनी काऊंटरवर विचारलं होतं, "शेडला परमिट लागतं का?" उत्तर मिळालं नाही. म्हणजे 'नाही' असं मिळालं, आणि बरोबरच होतं, प्रश्नच अर्धा होता. असलं उत्तर आमच्याकडच्या काऊंटरवरचं, ते बोलायची मला तिथे लाजच वाटली.

नीट करायचं तर 18 इंच खोल चर, पाइपातून नवी वायर, शेडमध्ये छोटं पॅनल. काकांनी आधी दोन इलेक्ट्रिशियन विचारले होते, एकाने गांजा म्हटल्यावर फोन ठेवला, दुसऱ्याने 2800 डॉलर सांगितले. आणि बाईची नोटीस 72 तासांची. कापणीला तीन आठवडे. बायको काहीच बोलली नाही, फक्त मांडीवरचा रुमाल घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती.

बाईने नोटीस लिहिली पण जाताना त्यांना कायद्याची छापील प्रत दिली, म्हणाली, नीट वाचा. तिने असं मुद्दाम म्हटलं की सवयीने, हे मी तिला आजवर विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी परत गेलो. कॉर्ड गायब, ब्रेकर परत 20 चा, सॉकेट नवं. बाई म्हणाली ठीक, आणि झाडं? काकांनी शेडकडे बोट केलं. छपराचं प्लायवूड काढून टाकलं होतं, त्याजागी पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे पत्रे, स्क्रू एका रेषेत. आत लख्ख ऊन. दिवे नाहीत, एसी नाही, भिंतींना वर जाळीच्या खिडक्या कापलेल्या, फिल्टरचा पंखा जुन्या आरव्हीच्या (राहायच्या गाडीच्या) बॅटरीवर.

"चारी बाजूंनी बंद आहे," काका म्हणाले, "छप्पर आहे. छपरातून दिसायला नको असं कुठे लिहिलंय दाखवा."

बाईने व्याख्या वाचली. परत वाचली. मग मला वाचायला दिली. खरंच नव्हतं लिहिलेलं. सप्टेंबरचा तिसरा आठवडा, दिवस-रात्र जवळपास सारखे, झाडाला पाहिजे तसाच अंधार आकाश स्वतःच देत होतं. मी विचारलं, पण त्यांची रात्र तर दिवसा होती? तर म्हणाले, एक रात्र लांबवली, सकाळी सातला दिवे बंद केले ते दुसऱ्या दिवशीच्या सूर्यालाच दाखवली, चोवीस तास झोपली बिचारी. बायको पहिल्यांदा हसली, म्हणाली, "जेट लॅग."

माझ्याकडे टॅग ठेवायला काही कारणच राहिलं नव्हतं. काढला. बाईने केस बंद केली, गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "सहा महिने देते मी या छपराला."

चारच लागले. जानेवारीत काऊंटीच्या बोर्डाने नियमात दुरुस्ती केली, व्याख्येत एक शब्द वाढला: अपारदर्शक. मी आईला फोनवर सगळं सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे तू तिकडे गांजाची झाडं मोजतोस? पूल कुठे गेले?

फेब्रुवारीत काका आमच्या काऊंटरवर आले. कुणी काही विचारायच्या आत त्यांनी इलेक्ट्रिकल परमिटचा फॉर्म मागितला, अर्ध्या बोटाने धरून हळूहळू भरला, आणि मी दिसलो तर लांबूनच म्हणाले, "चर मी खणतो. खोली मोजायला टेप तुझाच आण."