कँडी लाखाच्या आतलं शहर आहे, यावर विसंबू नका

कोलंबो ते कँडी 115 किलोमीटर. आमचा कार्यक्रम आखून देणाऱ्याने सांगितलं होतं की कँडी म्हणजे तळ्याकाठचं छोटं, निवांत गाव, तीन तासांत पोचाल आणि संध्याकाळी साडेसहाची दलदा मालिगावाची, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या मंदिरातली, पूजा आरामात मिळेल. दुपारी एकला निघालो. पूजा सुरू झाली तेव्हा आमची गाडी कँडीच्या अलीकडे पेराडेनियाच्या पुलाशी उभी होती, पुढे सगळे ब्रेकचे लाल दिवे. श्रीलंकेला जाणाऱ्या प्रत्येकाला हे आधी माहीत असायला हवं, म्हणून लिहितोय.

आकडे खोटे नाहीत, पण त्यांच्यावर बेत आखू नये. 2012 च्या जनगणनेत कँडी महानगरपालिकेची लोकसंख्या 1 लाखाच्या जराशी आत होती. त्याच जनगणनेत कँडी जिल्हा पावणेचौदा लाखांचा! हे जिल्ह्याचे लोक शाळा, इस्पितळं, कचेऱ्या आणि बाजारासाठी त्याच एका खोलगट दरीत उतरतात, आणि आत यायचे रस्ते मोजकेच. कोलंबोचंही तसंच. शहर 5.6 लाखांचं आणि जेमतेम 37 चौरस किलोमीटरचं, जिल्हा मात्र 23 लाखांवर. गॉल रोडने दक्षिणेला निघालात तर कोलंबो संपून देहिवळा-माउंट लॅव्हिनिया (1.8 लाख) कधी लागलं आणि त्यानंतर मोरातुवा (1.7 लाख) कधी आलं ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. कागदावर ही तीन शहरं, रस्त्यावर एकच.

त्याहून मोठी दिशाभूल म्हणजे 2012 च्या हिशेबाने या देशात फक्त 18 टक्के लोक शहरी. महानगरपालिका आणि नगर परिषदांच्या हद्दीत राहणारेच तेवढे शहरी धरले जातात. 1987 मध्ये छोट्या शहरांच्या जुन्या टाउन काउन्सिल प्रादेशिक सभांमध्ये, म्हणजे ग्रामीण भागाच्या स्थानिक संस्थांमध्ये, विलीन झाल्या आणि त्यांच्या हद्दीतली गजबजलेली गावं कागदावर ग्रामीण झाली. आता कोलंबो-कँडीच्या ए-1 रस्त्यावर ओळीने काय लागतं बघा: किरिबतगोड, कडवत, यक्कल, निट्टंबुव, वरकापोल, मावनेल्ल. शहरांच्या यादीत यातलं एकही सापडणार नाही, आणि आमचा सगळा वेळ नेमका यांनीच खाल्ला. किरिबतगोडच्या चौकात दोन्ही बाजूंना कपड्यांची मोठाली दुकानं, बसथांब्यावर रस्त्यावर आलेली गर्दी, खाजगी बसवाल्यांची एकमेकांशी चढाओढ. याला ग्रामीण कोण म्हणेल? 2024 च्या जनगणनेत देश सुमारे 2 कोटी 18 लाखांचा झाला आणि गंपहा जिल्ह्याने लोकसंख्येत कोलंबोला मागे टाकलं. हा रस्ता त्याच गंपहातून जातो.

सगळ्यात वाईट पट्टा मावनेल्ल ते पेराडेनिया. मावनेल्लच्या बाजारातून गाडी पावलापावलाने सरकते. मग कडुगन्नावाचा घाट, सिमेंटच्या लॉरीमागे पहिल्या गिअरमध्ये. वर पोचल्यावर सुटलो असं वाटतं, तर पुढे पिलिमतलाव आणि पेराडेनिया. पोटात कालवायला लागतं, पाठ धरते. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर हा रस्ता दुपारी घेऊच नका. जोराच्या पावसात घाटात दरडी येतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा. मध्य द्रुतगती मार्गाचं नाव कोणी काढलं तर फार आशा ठेवू नका, 2022 मध्ये सुरू झालेला तुकडा मीरिगम ते कुरुणेगल एवढाच आहे. विमानतळावरून थेट कँडीला निघालात तरी टॅक्सी मिनुवनगोड, वेयनगोड करत निट्टंबुवला याच रस्त्याला येऊन मिळते.

माझं स्पष्ट मत आहे की कोलंबो-कँडी आगगाडीनेच करा. फोर्ट स्टेशनहून साधारण अडीच ते तीन तास लागतात. आरक्षण महिनाभर आधी उघडतं आणि लगेच संपतं. नाही मिळालं तर खिडकीवर बिनआरक्षित तिकीट मिळतं, फक्त गाडीच्या बऱ्याच आधी फलाटावर जाऊन उभे राहा. रंबुक्कनानंतर चढ सुरू होतो, जागा उजव्या बाजूची पकडा. हाही मार्ग पावसाळ्यात दरडींमुळे बंद पडतो, तेव्हा आदल्या दिवशी स्टेशनवर विचारून घ्या. आगगाडी जमत नसेल तर रस्त्याने पहाटे पाचला निघा. पोयाच्या म्हणजे पौर्णिमेच्या सुट्टीला जोडून शनिवार-रविवार आला असेल तर तो दिवसच टाळा.

कँडी स्टेशनबाहेरच्या थ्री-व्हीलवाल्यांबद्दल. तळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गेस्ट हाउसपर्यंत एकाने 1,500 श्रीलंकन रुपये मागितले. मोबाइलवरच्या ॲपवर त्याच अंतराचे 350 दाखवत होते. तो म्हणाला, चढ आहे, ट्रॅफिक आहे, ॲपवाले इथे येत नाहीत. आम्ही सामान उचलून मुख्य रस्त्याला आलो आणि काही मिनिटांत ॲपची गाडी मिळाली. पहिली किंमत ऐकून घासाघीस करत बसू नका, सरळ चालू लागा. विमानतळावरच स्थानिक सिम घ्या, त्याचे पैसे कँडीत पहिल्याच दिवशी वसूल होतात.

मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटाचा दर वेगळा असतो, पासपोर्ट जवळ ठेवा. सकाळची पूजा साडेनऊला असते. संध्याकाळची हुकली तर दुसऱ्या दिवशी ही गाठा, आम्ही तेच केलं. रांग सरकत सरकत दंतधातूच्या कक्षाच्या दारासमोर आलो, ढोल घुमत होते, आदल्या दिवशीचा सगळा शीण तिथे उतरला.

गॉलला जायला काहीच त्रास नाही. अंतर कँडीएवढंच, पण कोलंबोबाहेरच्या माकुंबुर बसस्थानकावरून दक्षिण द्रुतगती मार्गाच्या बसने दोन तासांच्या आत. गॉलचा किल्ला सुंदर आहे, राहा.

श्री जयवर्धनपुर कोट्टे राजधानी आहे म्हणून तिथे मुक्काम करायचा विचार असेल तर सोडून द्या. 1982 पासून संसद तिथे आहे, वस्ती 1 लाखाच्या थोडी वर, आणि ते कोलंबोला चिकटलेलं उपनगर आहे. व्हिसा वाढवायचा असेल तर शेजारच्या बट्टरमुल्लला इमिग्रेशनचं कार्यालय आहे, त्यापुरतं जा.

कँडीहून पुढे दंबुल्ला-सिगिरिया करणार असाल तर कटुगस्तोटचा पूल आणि अकुरणचा बाजार सकाळी सातच्या आत पार करा. त्यानंतर शाळांच्या गाड्या सुरू होतात आणि दंबुल्लाला पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं. सिगिरियाचा खडक त्या उन्हात चढणं वेगळीच शिक्षा आहे.