लाल कॅसिओ

मंगळवार. रात्रीचे साडेबारा. आज नाटक नाही तरी झोप नाही. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांच्या, हंगामात शरीराला हीच सवय लागते, पडदा पहाटेच पडणार असं ते धरूनच चालतं.

सकाळी आरमोरीकडच्या पोराने व्हॉट्सॲपवर ऑडिओ पाठवला. दोन-अडीच मिनिटांचा, त्यांच्या भजन मंडळाचा. मी अंगणात उन्हात बसलो होतो, तिथेच मोठ्याने लावला. आतून हिचा आवाज आला, "हे तुमचंच होय न? मागच्या वर्षीचं?"

मी काही बोललो नाही. माझा जुना कीबोर्ड त्या पोराने नेऊन आज बरोबर अकरा दिवस झाले. अकरा दिवसांत ते पोरगं माझ्यासारखं वाजवायला लागलं आणि अठरा वर्षं घरात ऐकणाऱ्या बाईला फरक कळला नाही. मग मीच परत लावून ऐकलं. मलाही कळला नसता. तीच इंट्रो, तोच फिल-इन, अंतऱ्याला तीच बासरी. विकताना मेमरी पुसायची राहिली होती. चौथी बँक, दुसरं बटण. ते दाबलं की ठेका, लय, उजव्या हाताचा आवाज, डाव्या हाताचा आवाज, सगळं आपसूक जागेवर बसतं. ते बटण मीच भरलं होतं, एका उन्हाळ्यात, आठ दिवस डोकं लावून. मला ती माझी कला वाटायची.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण परवाचं ते डोक्यात होतंच.

परवा नागभीडच्या पुढे नाटक होतं. दोन अंकांच्या मधे स्टेजच्या बाजूला शेकोटीजवळ चहा चालला होता. मामा ढोलकीच्या कड्या सारत होते, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि म्हणाले, "बाबू, आता तुझा हात आयकू येते."

मी "हो न मामा" म्हणालो आणि हसलो. चांगलंच बोलले असणार. मामा वाईट बोलायचं असलं तर सरळ बोलतात, त्यासाठी चहा थांबवत नाहीत. पण परतताना बोलेरोत सगळे घोरत होते आणि मी त्या एका शब्दावर अडकलो होतो. आता. आता म्हणजे आधी येत नव्हता. मग आधी काय ऐकू येत होतं?

अठरा हंगाम मी एकाच कंपनीचे कीबोर्ड वाजवले. एक जुना झाला की त्याच कंपनीचा पुढच्या नंबरचा. पहिला तर सेलवरही चालायचा, वीज गेली तरी भजन थांबत नसे. कंपनी बदलायचा विचार म्हणजे सोयरीक मोडल्यासारखं वाटे. बटणं कुठे आहेत ते अंधारात बोटांना माहीत होतं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, आजही नाही. डाव्या हाताने कॉर्ड धरायचा, की आतून बेस, गिटार, तबला, सगळी वरात चालू लागते. कॉर्ड बदलला की वरात वळते. शेवटी एंडिंगचं बटण. गायिका म्हणाली काळी चार, तर मी ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर वर-खाली सरकवणारं बटण, दाबायचो आणि बोटं पांढरी एकच्याच घरात ठेवायचो. अठरा वर्षं एकाच घरात राहून गावभर फिरल्याची मजा.

लोक याला कॅसिओ म्हणतात. माझा कधीच कॅसिओ नव्हता, पण आपल्याकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं वीजेवर चालणारं जे काही असेल ते कॅसिओच. नाटकाच्या हँडबिलावर मात्र माझ्या नावाआधी 'ऑर्गन' छापतात. तीही पायपेटीच्या काळापासूनची रीत. मी ऑर्गन वाजवत नव्हतो आणि कॅसिओही नाही, दोन्ही नावांनी हाक आली की ओ द्यायचो.

बदलायचं कधी ठरलं ते पक्कं आठवतं. २०२३ चा जानेवारी. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री जाहीर झाली आणि नाटक कंपन्यांच्या वडशात, गाडीत, स्टेजमागे, जिथे तिथे तेच बोलणं. झाडीपट्टीला कोणी तरी पाहिलं, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही छाती फुगल्यासारखं झालं. आणि त्याच रात्री एका करुण प्रसंगात मी स्ट्रिंग्जचं बटण दाबलं, दोन बोटं ठेवली आणि मला जांभई आली. नायिका मरत होती. प्रेक्षकांत बाया पदर डोळ्याला लावत होत्या. मी जांभई देत होतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मग नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून ऑर्गनसाठी नॉर्ड इलेक्ट्रो घेतला, जुना, 'डी' म्हणजे खऱ्या ड्रॉबारचा, ओढायच्या-ढकलायच्या दांड्यांचा. स्वीडनचं वाद्य, लालभडक. यंदा दिवाळीआधी रोलँडचा आरडी-८८, पियानोसाठी. ८८ पट्ट्या, हातोडीचं वजन असलेल्या, एकूण साडेतेरा किलो. पैसे कुठून आले ते इथे लिहीत नाही. घरात माहीत आहे.

एक वाद्य सगळं करायचं. आता दोन वाद्यं आहेत आणि दोघं मिळून जुन्याच्या निम्मंही करत नाहीत. लाल्यात ठेका नाही. स्पीकर नाही, मिक्सरला जोडल्याशिवाय हूं की चूं नाही. सूर वाकवायची चकतीसुद्धा नाही. लावणीत शहनाईची मींड काढायची तर कुठून काढायची? पहिल्या महिन्यात जुन्या सवयीने डावा हात कॉर्ड धरायचा आणि मी वाट बघायचो. कोणीच यायचं नाही. वरात नाही, बेंडबाजा नाही. कॉर्ड तेवढा तिथे उभा, नवऱ्याविना मांडवात.

आणि ट्रान्सपोजचं बटण यातही आहे. मी त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली. दोन वेळा काढली. परत लावली.

मामांचं वाक्य मला उलटं यासाठी लागतं की त्यांना ते वाक्य सुचलं ते ऑर्गनवर. पियानोवर म्हणाले असते तर समजलो असतो. तिथे हातोडी आहे, हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर जोरात. जुन्या कीबोर्डलाही तेवढं होतंच. पण ऑर्गनच्या पट्टीला जोर कळतच नाही. फुंकर घातल्यासारखी दाबा की घण मारा, आवाज तेवढाच. लहान-मोठा करायचा तो पायाच्या पेडलने. म्हणजे बोटाकडे उरतं काय? कधी ठेवायचं आणि कधी उचलायचं. बास. मग मामांना हात ऐकू आला तो कशातून?

मी दुपारभर तेच करून बघितलं. एकच ओळ, दहा वेळा. उचलणं बदललं की ओळ बदलते, हे खरं आहे. पट्टी सोडायला अर्धा श्वास उशीर केला तर पुढचा सूर मागच्याला चिकटतो. लवकर सोडली तर मधे भोक पडतं आणि त्या भोकात ढोलकीची थाप बरोबर बसते. जुन्या कीबोर्डवर ते भोक कधीच नव्हतं. तिथे मागे सतत काहीतरी वाजत असायचं. मी बोट उचललं काय, विसरलो काय, वरात चाललेलीच.

मामांना कदाचित ते भोक ऐकू आलं. त्यात त्यांचीच थाप होती.

लग्नाच्या आणि हळदीच्या कार्यक्रमांना मी किती वर्षं एकटाच गेलो. आयोजकाला म्हणायचो, ढोलकी मशीनमधे आहे, दुसऱ्या माणसाचे पैसे कशाला घालवता. आयोजकाने मागितलेली ती काटकसर नव्हती. मीच सुचवायचो. मामांच्या मुलीचं बारावीचं वर्ष त्यातच कुठेतरी होतं.

असो.

बाबांची पायपेटी अजून माळ्यावर आहे. दोन्ही पायांनी भाता हाणायचे, वर बोटं आणि खाली पाय, दोघांचा हिशोब वेगळा. मला लहानपणी वाटायचं बाबा सायकल चालवतात आणि कुठे पोचत नाहीत. त्यांचा हात ऐकू यायचा का? मला त्यांचे पाय आठवतात. हाताचं काही आठवत नाही.

रात्री जेवताना स्वतःची फार कीव आली. अठरा वर्षं, हंगामाला शंभरावर प्रयोग, आणि शेवटी काय, तर मेमरीतलं एक बटण, जे अकरा दिवसांत कोणीही दाबू शकतं. हिने विचारलं, भाजीत मीठ जास्त झालं का? म्हटलं नाही. म्हणाली, मग तोंड कशाला असं? मी ऑडिओचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले चांगलं वाटलं होतं जी ते. म्हणूनच तर तुमचं म्हटलं."

यावर काय बोलणार?

मग तो ड्रॉबारांचा विचार आला आणि हसूच आलं. नऊ दांड्या असतात. ओढल्या की आवाज वाढतो, ढकलल्या की मिटतो. त्यांच्यावर आकडे असतात, १६, ८, ४ असे. ते फूट आहेत. चर्चच्या खऱ्या ऑर्गनमधे तेवढ्या लांबीचे पाइप असत. १९३५ साली अमेरिकेत लॉरेन्स हॅमंडने ऑर्गन बाजारात आणला तो पाइपांशिवाय. आत ९१ दातेरी चक्रं फिरायची आणि त्यातून वीजेने सूर निघायचा. आकडे मात्र पाइपाचेच ठेवले. माझ्या लाल्यात पाइपही नाहीत आणि चक्रंही नाहीत, नुसत्या चिप. हॅमंडची पट्टी दाबताना बारीक 'टक्' व्हायचं, तो म्हणे दोष होता. वाजवणाऱ्यांना पुढे तो दोषच आवडू लागला. आता तो दोष मुद्दाम घालतात. हॅमंडला जोडत त्या फिरत्या भोंग्याच्या स्पीकरचीही नक्कल आहे. वेगाचं बटण दाबलं की लगेच पळत नाही, धानगिरणीचा पट्टा सुरू होतो तसा हळूहळू वेग घेतो. आत फिरत काहीच नाही. तरी दम खातो.

म्हणजे मी खऱ्याच्या शोधात निघालो आणि नकलेची नक्कल घेऊन आलो, तीही लाखाच्या वर मोजून. आणि हँडबिलावर आता अठरा वर्षांनी 'ऑर्गन' जरा तरी खरं झालं. छपाईवाल्याला फरक पडलेला नाही. मानधनातही नाही.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, वेळची ती म्हातारी आठवली. लाखांदूरकडे, नाटकाआधी मी जोडाजोड करत होतो. काठी टेकत स्टेजजवळ आली, लाल्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बापा, कॅसिओ लाल काहून केला?"

मी म्हटलं, "जुना झाला होता आजी, रंग दिला."

"बेस केलं," म्हणाली. "पहिल्यापेक्षा बरा दिसते."

स्वीडनवाल्यांनी ऐकायला पाहिजे होतं.

नऊच्या सुमारास पोराला फोन केला. खरं तर सांगणार होतो की ती चौथी बँक पुसून टाक, स्वतःचं बनव. त्याने फोन उचलल्या उचलल्या सुरुवात केली, "काका, आयकलं का? गावात सगळे म्हणते तुम्हीच आले होते म्हणून." इतका खुश होता. मी म्हटलं, ठेका जरा जलद धरला तू, दोन आकडे खाली घे. "हो जी." बँकेचं बोललो नाही. फोन ठेवल्यावर वाटलं, बोलायला पाहिजे होतं. मग वाटलं, मला अठरा वर्षांत कोणी बोललं होतं का? आणि बोललं असतं तर मी ऐकलं असतं का? जांभई येईपर्यंत मलाही ते बटण प्यारं होतं. त्यालाही येईल कधीतरी. किंवा नाही येणार, आणि तो सुखाने वाजवेल.

मामांना विचारून टाकावं असंही मनात आलं, की मामा, आधी काय आयकू येत होतं? पण ते खरं सांगतील. राहू दे.

पियानोने मनगट दुखतंय. हातोडीच्या पट्ट्यांना ताकद लागते आणि पौषातल्या थंडीत बोटं दोन अंक होईपर्यंत उघडत नाहीत. शेकोटीपासून लांब बसवतात आम्हाला, वायरी आहेत म्हणून. मामांना मात्र शेकोटीजवळ जागा, ढोलकीचं कातडं गार पडतं ना. यंदा मी तिथे सरकून बसतो.

आत्ता झोपायला जाणार तेवढ्यात मामांचाच फोन. त्यांनाही झोप नाही. सिंदेवाहीच्या नाटकाला गाडी किती वाजता, विचारत होते. म्हटलं चारला. मग म्हणाले, "त्या लाल डब्यावर ढोलकी ठेवू देत नाही तू. यावेळी मी डबाच मांडीवर घेतो, ढोलकी ठेव मांगं."

म्हटलं, "मामा, जड आहे गा तो."

"माहीत आहे," म्हणाले. "तुझा पहिलावाला हलका होता."