गुलमर्गचा अंदाज बघताना गाव नको, वारा बघा

फेब्रुवारीच्या मध्यात पाच दिवस गुलमर्गला स्की करून परवाच पुण्यात परतलो. मांड्या अजून बोलतायत, त्यामुळे सूर जरा चिडका लागला तर चालवून घ्या. तुम्हाला स्की येतं, कपडे-गॉगल सगळं आहे, असं धरूनच लिहितोय.

निघायच्या आधी आठवडाभर मोबाइलवर रोज बर्फाचं चिन्ह आणि उणे दोन अंश. आम्ही खूश! तो आकडा गुलमर्ग गावाचा, म्हणजे साधारण २,६५० मीटरचा, हे तिथे जाऊन डोक्यात शिरलं. आपल्याला जायचं असतं गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगरावर, ३,९५० मीटरच्या आसपास. हजार मीटर चढलं की साडेसहा अंश कमी धरले तरी वर उणे दहा, आणि ताशी ४० किलोमीटरचा वारा असला की अंगाला उणे वीस. ते सोसता येतं. पण वारा चढला की दुसरा टप्पाच बंद करतात. आमचे पाचपैकी तीन दिवस असे गेले. पहिला टप्पा संपतो त्या कोंगडोरीखालच्या उतारावर स्लेजवाल्यांच्या गर्दीत घसरत बसलो.

म्हणून ढगाचं चित्र सोडा, चार हजार मीटरवरचा वारा बघा. उंचीनुसार अंदाज देणारी संकेतस्थळं आहेत, तीच वापरा. पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येऊन बर्फ पाडणारी हवा, सरून ऊन पडलं की लगेच वर जाता येईल, या भ्रमातही राहू नका. ताज्या बर्फानंतर गस्तीपथक आधी स्फोट करून कड्यावरचं बर्फ पाडतं, मग उतार खुला होतो. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइनच काढावं लागतं. ते झंझावाताच्या दुसऱ्या दिवसाचं काढू नका, एक दिवस सोडून काढा. आणि चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, कडाक्याचे असतात म्हणून बर्फाचेही असतील असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिथे बराच काळ नुसतं पिवळं गवत होतं.

आता टंगमर्ग. इथून वर गुलमर्गपर्यंत फक्त तेरा किलोमीटर, पण आमच्या सहलीतला सगळ्यात वाईट भाग हाच. गाव पाचेकशे मीटर खाली, त्यामुळे वर बर्फ पडत होतं तेव्हा इथे पाऊस. तो वळणांवर गोठून काच झालेला. आमची गाडी खालीच अडवली, पुढे चाकांना साखळी लावलेलीच गाडी हवी म्हणे. तशा एका गाडीच्या चालकाने चार हजार मागितले, अडीचवर आला. साखळी मात्र दोनच चाकांना, तीही एका ठिकाणी तारेने बांधलेली. तिसऱ्या वळणावर तार तुटली आणि साखळीचं टोक मडगार्डवर टाण टाण आपटायला लागलं. चालक फिरनच्या, म्हणजे काश्मिरी झग्याच्या, आतली निखाऱ्यांची कांगडी माझ्या हातात देऊन गाडीखाली शिरला. वीस मिनिटं मी ती शेगडी पोटाशी धरून रस्त्यात उभा, मागे हॉर्न.

पैसे द्यायच्या आधी खाली वाका, साखळ्या मोजा, तार दिसली तर दुसरी गाडी बघा. दुपारी तीननंतर चढू नका.

उरलेले दोन दिवस वर अप्रतिम गेले. गुडघाभर भुसभुशीत बर्फ, वारा शून्य. परतताना मात्र तोच चालक भेटला. तार तीच होती.