घरी कुजबुजणारा, मंचावर गरजणारा: मॉडेलिंग ॲम्प निवडताना

माझ्या दोन्ही गरजा एकमेकींच्या उरावर बसलेल्या होत्या. राहतो डोंबिवलीत, वन बीएचकेमध्ये, आणि भिंतीपलीकडचे काका रात्री नऊला झोपतात. दुसरीकडे ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे कार्यक्रम: लग्नाची रिसेप्शन्स, सोसायट्यांचे वर्धापनदिन, गणपतीत मंडळांचे मंच. एका कार्यक्रमात सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी, मग लावणी, मग कुणीतरी फर्माईश केलेलं रॉक. दोन ॲम्प ठेवायला जागा नाही, पैसे तर नाहीतच. म्हणजे अनेक ॲम्पचे आवाज एकाच डब्यातून काढणारा मॉडेलिंग ॲम्पच घ्यायचा, एवढं पहिल्यापासून ठरलेलं होतं. कोणता, यातच सगळा घोळ.

मॉडेलिंग म्हणजे जुन्या ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हच्या) ॲम्पचं वागणं गणिताने उभं करायचं. ट्यूबचा आवाज कुठे फाटतो, टोनचे नॉब एकमेकांवर कसे परिणाम करतात, स्पीकर काय गाळतो, हे सगळं आतली चिप त्या क्षणी मोजत असते. रोलँडचं व्हीजी-८ हे मॉडेलिंग यंत्र 1995 मध्ये आलं, लाइन सिक्सचा ॲक्सिस 212 हा ॲम्प 1996 मध्ये आणि त्यांचा पॉड हा टेबलावरचा लाल डबा 1998 मध्ये. तेव्हापासून बरंच पाणी वाहून गेलंय. आज ‘डिजिटल आहे, त्यात जान नाही’ म्हणणारे मला भेटतात, पण प्रेक्षकांत बसून फरक ओळखणारा अजून भेटलेला नाही.

दुकानात गेलं की पहिल्यांदा आकडे तोंडावर मारले जातात. अमुक इतकी ॲम्प मॉडेल्स, तमुक इफेक्ट्स. विक्रेता सगळ्यात भडक मेटल प्रीसेट (आधीच जुळवून ठेवलेला आवाज) लावतो, त्यावर रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) थापलेला असतो, आणि आपण हुरळतो. मी माझीच गिटार आणि माझीच केबल घेऊन जायचो. सगळे इफेक्ट्स बंद करायला सांगायचो. मग क्रंच, म्हणजे किंचित फाटलेला आवाज, लावून गिटारचा व्हॉल्यूम नॉब निम्म्यावर आणायचा. आवाज नुसता बारीक होतो की साफही होतो, हे ऐकायचं. बोट हलकं पडलं तर ॲम्पने हलकं बोललं पाहिजे. या एका परीक्षेत यादीतले बरेच गळाले. शंभर मॉडेल्सपैकी आपण चार वापरतो, ती चार चांगली असली की झालं.

वॉटबद्दलही एक हिशेब मांडला. पन्नासचे शंभर वॉट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. त्यामुळे शंभर वॉटचा फायदा ‘दुप्पट आवाज’ हा नाही. ड्रमर पेटला तरी क्लीन आवाज क्लीनच राहतो, हा आहे. उलट टोकालाही गंमत आहे. अर्धा वॉट म्हणजे कुजबुज, असं समजू नका. 12 इंची गिटार स्पीकर अर्ध्या वॉटवरही बंद खोलीत कान भरून टाकतो. आपल्याकडे निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. थोडक्यात, रात्री हेडफोनच.

टेबलावर ठेवायचे छोटे ॲम्पही ऐकले. यामाहाचा टीएचआर, पॉझिटिव्ह ग्रिडचा स्पार्क. घरासाठी सुरेख, स्टीरिओ आवाज कमी व्हॉल्यूमलाही भरलेला वाटतो. पण ते ज्या कामासाठी बनलेत, त्यात ड्रम्सशेजारी उभं राहणं नाही. दुसऱ्या टोकाला फेंडरचे टोन मास्टर, म्हणजे त्यांच्याच जुन्या ट्यूब ॲम्पची डिजिटल रूपं. मूळ ट्यूबवाला ट्विन रिव्हर्ब साधारण 29 किलोंचा, टोन मास्टर ट्विन 15 किलोंचा. आवाजावर जीव जडला, किंमत बघून नॉब शून्यावर आणला.

मग एक बाब अशी निघाली, जिच्याबद्दल कुणीच आपणहून सांगत नाही: मागची जॅक. मंचावर गिटार बहुतेकदा थेट मिक्सरला द्यावी लागते. काही ॲम्पना हेडफोन आणि रेकॉर्डिंगची एकच जॅक असते, आणि तिच्यात केबल घातली की स्पीकर गप्प. म्हणजे मांडवाला गिटार ऐकू जाणार आणि वाजवणाऱ्याला नाही! मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) मिळेल या भरवशावर राहायचं तर आपल्या मंडळांचे साउंडवाले बघा. पहिला मॉनिटर गायकाला, दुसराही गायकालाच. म्हणून स्पीकर चालू ठेवून मिक्सरसाठी वेगळा लाइन आउट देणारा ॲम्प हवा, हे पक्कं झालं.

शेवटी बॉसचा कटाना 100 एमके-टू घेतला. 12 इंची एकच स्पीकर, शंभर, पन्नास आणि अर्धा वॉट अशा तीन पायऱ्या, वेगळा लाइन आउट, घरी यूएसबीवरून रेकॉर्डिंग. पॅनेलवर पाचच ॲम्प प्रकार: अकूस्टिक, क्लीन, क्रंच, लीड, ब्राऊन. मला तेवढे पुरतात. वजन जवळपास 15 किलो. लोकलच्या लगेज डब्यातून न्यायला जमतं, पण डोंबिवलीचा पूल चढताना पन्नास वॉटच्या धाकट्या भावाची आठवण येते खरी.

खरं काम घेतल्यानंतरचं. घरी हळू आवाजात बनवलेले टोन मंचावर जसेच्या तसे चालत नाहीत, आणि यात ॲम्पचा दोष नसतो. आवाज कमी असला की कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलंय. त्यामुळे घरी आपण दोन्ही टोकं वाढवत नेतो, आणि तोच टोन मोठ्याने लावला की खाली बेस गिटारशी मारामारी, वर कान टोचणारी किनार, मधली गिटार गायब. ॲम्पच्या एका बँकेत (टोन साठवायच्या कप्प्यात) घरचे टोन आहेत, दुसरीत मंचाचे. मंचाचे टोन तालमीच्या खोलीत, ड्रमर वाजवत असताना बनवले: मिड (मधला पट्टा) वाढवलेला, बेस खाली, गेन (आवाज किती फाटावा ते) घरच्यापेक्षा बराच कमी, रिव्हर्ब जवळजवळ नाहीच, कारण हॉल स्वतःच भरपूर देतो. एकट्याने ऐकले तर हे टोन रुक्ष वाटतात. बँडमध्ये बसतात.

घ्यायला निघाला असाल तर फूटस्विच वेगळा विकत घ्यावा लागतो, तो आधीच बजेटमध्ये धरा. लावणी संपून रॉक सुरू होताना वाकून बटणं दाबायला वेळ नसतो. आणि मांडवात अर्थिंग नसलं तर कुठलाही ॲम्प घुंघुं करतो. जोडणीआधी मी इलेक्ट्रिशियनकडून पॉइंट तपासून घेतो, कारण तारांना बोट आणि माइकला ओठ एकाच वेळी लागले की झटका बसू शकतो.