तुम्ही विचारलंत म्हणून: हा फोटो आपल्याकडचा वाटत नाही

दुकानात काउंटरच्या मागं एक मोठी प्रिंट लावलीय, चार बाय तीन फुटाची. हिरवीगार दरी, दरीच्या तळाला देऊळ, बाजूला पांढराशुभ्र धबधबा आणि ढग एवढे खाली आलेले की शिडी लावली तर हाताला लागतील. पासपोर्ट साईज काढायला आलेला पोरगा असो नाहीतर लग्नाची ऑर्डर द्यायला आलेला नवरदेवाचा मामा असो, खुर्चीत टेकला की नजर तिकडंच आणि प्रश्न ठरलेला. "महाबळेश्वर का हो हे?" मी म्हणतो नाही, सौताडा, पाटोदा तालुका, आपलाच बीड जिल्हा. मग दुसरा प्रश्न, तो पण ठरलेला. "म्हणजे एडिट केलाय!"

हे आता इतक्या वेळा झालंय की म्हणलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

तर जागा खरी आहे. अंबाजोगाईहून केज, मांजरसुंबा, पाटोदा असं जायचं, विंचरणा नदी तिथं एकदम दरीत उडी मारते आणि खाली रामेश्वराचं देऊळ आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं, पावसात शेवाळ असतं, मी एकदा ट्रायपॉडसकट बसत बसत खाली गेलोय, ट्रायपॉडला काही झालं नाही, पँटीचं विचारू नका. पण हा धबधबा वर्षभर नसतो. श्रावण-भाद्रपदात गेलात तर फोटोतल्यासारखा, दिवाळीत गेलात तर करंगळीएवढी धार, आणि संक्रांतीला गेलात तर कातळावर नुसता ओघळाचा डाग. उन्हाळ्यात बघितलेला माणूस मला खोटारडा म्हणतो त्यात त्याची चूक नाही.

आणि माझ्याकडचे सगळेच फोटो असे हिरवे का, तर त्याचं कारण फोटोग्राफी नाही, पंचांग आहे. माझं पोट लग्नांवर चालतं. आषाढी एकादशी झाली की लग्नं बंद, ती थेट तुळशीचं लग्न लागेपर्यंत. चार महिने दुकानात बारसं, डोहाळजेवण, शाळेचे फोटो, एवढंच. म्हणजे मी मोकळा असतो तेव्हाच मराठवाडा हिरवा असतो, आणि उन्हाळ्यात रान जेव्हा भट्टीसारखं तापतं तेव्हा मी कुठल्यातरी मंगल कार्यालयात अक्षता पडताना क्लिक क्लिक करत असतो. फेब्रुवारी-मार्चात धारूरच्या घाटाकडं पळस असा पेटतो म्हणून सांगू, पण तो मी आजवर फक्त गाडीच्या काचेतून पाहिलाय, कारण नवरीचा मेकअप झालाय, दहा मिनिटात पोचा म्हणून फोन चालू असतात.

मोकळ्या चार महिन्यात मात्र मी घरात थांबत नाही, बायको म्हणते तुमचा चातुर्मास उपासाचा नाही, पेट्रोलचा. एकदा नळदुर्गला गेलो, तिथं किल्ल्यातच बोरी नदीवर धरण बांधलंय आणि धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला, 1613 चा. नदीला भरपूर पाणी आलं की भिंतीवरून नर आणि मादी अशा दोन धारा कोसळतात. लेन्स पुसायची, क्लिक करायचं, परत पुसायची, अर्धा दिवस त्यातच गेला आणि मोबाईलवाल्या पोरांनी माझ्यापेक्षा चांगले फोटो काढले. दुसऱ्या टोकाला किनवटकडचं सहस्रकुंड. तिथं पैनगंगा काळ्याकुट्ट खडकातून फुटून खाली येते, सागाचं जंगल आजूबाजूला, नांदेड जिल्हा म्हणून गुगलवर टाकलं की यवतमाळवाले भांडायला येतात कारण पलीकडचा काठ त्यांचा. भांडू द्या. आपला काठ आपला.

आता जे शिकायला विचारतात त्यांच्यासाठी थोडं. सगळे म्हणतात लँडस्केपला वाईड अँगल लेन्स घ्या, एका फोटोत जास्त रान मावतं. मी पण घेतली, हप्त्यावर, आणि पहिल्याच पावसाळ्यात मुकुंदराजाच्या समाधीकडून बालाघाटाचे डोंगर काढले तर फोटोत ते शेताच्या बांधाएवढे दिसले. आपले डोंगर टोकदार नाहीत ना, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले, वरून कापल्यासारखे सपाट, भाकरीची चवड जशी. असले डोंगर वाईडमध्ये घातले की संपले. त्यांना लांबून, लग्नात स्टेजवरचे चेहरे टिपायला वापरतो त्या सत्तर-दोनशेच्या झूम लेन्सनं ओढायचं, मग एकामागं एक रांगा जवळ येतात आणि मधल्या धुक्यामुळं प्रत्येक रांगेचा रंग वेगळा दिसतो.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. नांगरलेलं काळं रान, त्यावर पाऊस पडून गेलेला, असलं चित्र ऑटोवर काढून बघा. माती काळी येणारच नाही, चुलीतल्या राखेसारखी येईल. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर जे समोर दिसेल ते मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं, काळं जास्त दिसलं की त्याला वाटतं अंधार पडलाय आणि ते उजेड वाढवतं. काळ्या कोटातल्या नवरदेवाचं पण हेच होतं, लग्नाचे फोटो काढणाऱ्याला हे पहिल्या सिझनलाच कळतं कारण अल्बम बघून सासरा विचारतो कोट धुवून फिका झाला का. तर अशा वेळी एक्सपोजर एक स्टॉप खाली घ्यायचं, म्हणजे उजेड निम्मा करायचा, कधी त्याहून थोडं जास्त. मग माती जशी आहे तशी येते, ओली, जड, चपलेला चिकटणारी.

म्हणजे एडिट करत नाही का? करतो की. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यानं काही न सजवता दिलेली कच्ची फाईल, निघते तेव्हा ती फिकटच असते, तिला थोडा कॉन्ट्रास्ट, थोडा रंग द्यावाच लागतो. सौताड्याच्या फोटोत मी एवढंच केलंय की ढग थोडे दाबलेत आणि कडेला एक प्लॅस्टिकची बाटली होती ती काढलीय. हिरवा रंग आहे तोच आहे. पटत नसेल तर दुकानात या, मूळ फाईल दाखवतो.

पण एक उन्हाळा असा आला की मी एप्रिलात पण मोकळा होतो. 2016 चा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तो उन्हाळा. लोकांनी लग्नं पुढं ढकलली, काहींनी देवळात चार माणसात उरकली, त्याला फोटोग्राफर कशाला लागतोय. माझ्या पाच ऑर्डरी गेल्या. बसून तरी काय करायचं म्हणून कॅमेरा घेतला आणि धनेगावला मांजरा धरणावर गेलो. धरण म्हणजे काय, नुसता गाळ वाळून तडकलेला, एकेका भेगेत हात मनगटापर्यंत जायचा. मी उताणा-पालथा होऊन भेगा काढत होतो, वाईड अँगल तिथं मात्र बरोबर चालली, तेवढ्यात एक म्हातारबाबा काठी टेकत आले.

"काय काढायलाव?"

म्हणलं बाबा, दुष्काळ.

ते काही बोलले नाहीत. थोडा वेळ माझ्या शेजारी उभे राहिले आणि मग मी क्लिक करायला आणि त्यांनी हात पुढं करायला एकच गाठ पडली. "ती आमची हीर." मी बघितलं तर डाव्या बाजूला, शंभरएक पावलांवर, गाळातून दगडी कठड्याची अर्धी कड वर आली होती. धरणात गेलेलं त्यांचं रान. म्हणाले, लहानपणी त्यात पोहायला शिकलो, आज लई वर्षांनी दिसली म्हणून बघायला आलो. सकाळी पण आले होते, आत्ता परत आले, संध्याकाळी नातवाला आणणार म्हणाले. चेहरा असा, जसा काही पाहुणा आलाय घरी. मला काय बोलावं कळेना, मी कॅमेरा खाली घेतला आणि विहिरीच्या पायऱ्या कुठल्या बाजूला होत्या ते ऐकत बसलो.

त्याच वर्षी पावसानं जाता जाता झोडपलं आणि मांजरा भरलं. दसऱ्यानंतर मी गेलो होतो, मी पालथा झोपलो होतो त्या जागेवर कुणाला उभं राहता आलं नसतं, बुडाला असता. विहीर परत खाली. बाबा काही भेटले नाहीत.

त्या दिवशीचा एक फोटो पण दुकानात लावलाय, सौताड्याच्या शेजारी, थोडा लहान. खाली भेगा, वर पांढरं आभाळ. बरीच वर्षं लावलेला आहे. तो बघून लोक च् च् करतात, "काय दिवस होते" म्हणतात, आणि तो आपल्याकडचाच आहे का, एडिट केलाय का, हे मला आजवर एकानं विचारलेलं नाही. बघताक्षणी पटतो.

आता तुम्ही विचारलंतच आहे तर सांगतो, जास्त एडिट त्यालाच केलंय. भेगा गडद केल्यात, आभाळातला निळा काढून टाकलाय, उजवीकडं हिरवी बाभूळ होती ती कापली. आणि डावी बाजू पण कापली, त्या बाजूनं एक हात मध्ये येत होता, बोट लांब केलेला, आणि बोटाच्या पुढं विहिरीची कड. मूळ फाईल हार्ड डिस्कवर आहे.