झाड की जनावर?

"मॅडम, युग्लिना बॉटनीतपण आणि झूलॉजीतपण. नेमका कुणाचा?" माझ्या प्रत्येक बॅचनं हे विचारलंय. परवा कोल्हापुरात गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर एका जुन्या विद्यार्थ्यानं म्हशीची धार काढता काढता परत तेच विचारलं. आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून, घ्या.

युग्लिना म्हणजे पाण्यातला एकाच पेशीचा बारीक जीव. तो मी कधी विकत आणला नाही. गोठ्यामागं शेणाचं पाणी साचून हिरवं झालेलं डबकं हुडकायचं, बाटली भरून लॅबच्या खिडकीत ठेवायची. थोड्या वेळानं उजेडाकडच्या काचेला हिरवी साय धरते. त्यातला थेंब स्लाइडवर घ्यायचा.

हिरवा आहे, उन्हात अन्न तयार करतो, म्हणून झाड म्हणावं, तर कशाभिकेच्या, म्हणजे शेपटीसारख्या धाग्याच्या, चाबकानं पोहत सुटतो. झाडाच्या पेशीला असते तशी कडक पेशीभित्तिका नाही, त्यामुळं अंग फुगवत-आवळत अळीसारखा सरकतोही. साठवलेलं अन्नसुद्धा झाडासारखं स्टार्च नव्हे, पॅरामायलॉन नावाचा वेगळाच पदार्थ. आयोडीन टाकलं तरी निळं होत नाही. हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञानं १८६६ मध्ये असल्यांसाठी प्रोटिस्टा हे तिसरं घर बांधलं. परीक्षेत तेवढं लिहा, मार्क मिळतील.

एक कबुली द्यायची राहिलीय. युग्लिनाच्या अंगात एक लाल ठिपका दिसतो, तो म्हणजे डोळा, असं मी कितीतरी वर्षं शिकवलं. चूक. उजेड कळतो तो कशाभिकेच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागाला. ठिपका नुसती झडप. युग्लिना स्वतःभोवती गिरक्या घेत पोहतो, त्यामुळं ठिपक्याची सावली त्या भागावर ठरावीक तालानं पडते, आणि त्यावरून उजेड कुठल्या बाजूला आहे ते त्याला उमगतं. मेंदू नाही, मज्जातंतू नाही. हे मला कळलं तेव्हा आधीच्या सगळ्या बॅचना बोलावून माफी मागावीशी वाटली.

आणि ते हिरवेपणही मूळचं नव्हे. त्याच्या पूर्वजानं एक हिरवं शेवाळ गिळलं आणि ते पचवण्याऐवजी पोटात ठेवून घेतलं. म्हणून झाडाच्या हरितलवकाला, म्हणजे पेशीतल्या अन्न बनवणाऱ्या हिरव्या कणाला, दोन पापुद्रे, याच्या तीन. युग्लिना ग्रॅसिलिस या जातीला स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक द्या, हिरवेपण कायमचं जातं. पाण्यात अन्न असलं की पुढच्या पिढ्या पांढऱ्याच जगतात. आता सांगा, झाड मेलं का?

"मग ह्याचं भाऊबंद कोण?" धार थांबवून त्यानं विचारलं.

"सर्रा," मी म्हटलं. गुरांचा, घोड्यांचा सर्रा हा रोग ज्या ट्रिपॅनोसोमा नावाच्या एकपेशी परजीवीनं होतो, तोही कशाभिकावालाच, युग्लिनाच्याच भावकीतला. ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्याला तो १८८० मध्ये आताच्या पाकिस्तानातल्या डेरा इस्माईल खानच्या घोड्या-उंटांच्या रक्तात वळवळताना दिसला. एक भाऊ गोठ्यामागच्या डबक्यात ऊन खातो, दुसरा गोठ्यातल्या म्हशीच्या रक्तात शिरू शकतो.

शेजारच्या गिऱ्हाइकानं पेला खाली ठेवला.

"दुधातून नाही हो, गोमाशी चावून होतो," मी घाईनं म्हटलं.

"मॅडम," विद्यार्थी म्हणाला, "गिऱ्हाईक पळवताय व्हय?"